अंगभर त्वचा तपासणी : काय होते, कशी होते आणि ती पूर्ण का करून घ्यावी



कुष्ठरुग्ण शोध मोहिमेच्या दिवसांत आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये दोघांचं पथक फिरतं. एक आशाताई आणि एक पुरुष स्वयंसेवक. दारात उभं राहून ते विचारतात, "घरात कोणाच्या अंगावर डाग, चट्टा हाय काय?" आतून उत्तर येतं, "नाही बाई, आमच्या घरी कोणाले काही नाही." वहीत नोंद होते आणि पथक पुढच्या दाराकडे जातं.

याला तपासणी म्हणत नाहीत. ही नुसती विचारपूस झाली. खरी तपासणी म्हणजे डोक्यापासून तळपायापर्यंत कातडी डोळ्यांनी पाहणं आणि हातांनी चाचपणं. ती तुमच्या घरी झाली नसेल तर ती मागून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. ती कशी होते, काय विचारतात, काय उघडावं लागतं, काय नाही, हे आधी माहीत असलं की लाज आणि भीती दोन्ही कमी होतात. म्हणून हा पाठ.

आधी आमची एक चूक सांगतो. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून नोकरीला लागलो त्या काळातली ही गोष्ट. सोयाबीन सोंगणीचे दिवस होते. बाया पहाटेच वावरात जायच्या, आणि आम्हाला दिवसाकाठी ठरलेली घरं उरकायची असायची. एका वस्तीत एक ताई डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन निघतच होती. आम्ही तिचे हात पाहिले, चेहरा पाहिला आणि विचारलं, "पाठीवर काही हाय काय?" ती म्हणाली, "हाय एक डाग. पण खाजवत नाही, दुखत नाही, मंग काहाले दाखवू? मले उशीर होते." आम्ही तिला जाऊ दिलं आणि तिच्या नावापुढे 'निरंक' लिहिलं.

दोन वर्षांनी ती दवाखान्यात आली ती भाजलेला हात घेऊन. तव्याला बोटं चिकटली तरी तिला कळलं नव्हतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वाकलेलं होतं. पाठीवर, कमरेवर, मांडीवर मिळून सातआठ चट्टे होते. बारा महिने औषध घेऊन तिचा कुष्ठरोग पूर्ण बरा झाला. बोटं मात्र पुरती सरळ झाली नाहीत. आज ती विळा नीट धरू शकत नाही, म्हणून सोंगणीच्या मजुरीला तिला कोणी बोलावत नाही. 'निरंक' हा शब्द आमच्या हातचा होता. दुखत नाही म्हणून दाखवलं नाही आणि दुखत नाही म्हणून पाहिलं नाही, या दोन गोष्टींत तिची दोन बोटं गेली.

न दुखणारा डाग का महत्त्वाचा

खरूज खाजते, गळू ठणकतं, म्हणून माणूस दवाखान्यात जातो. कुष्ठरोगाचा चट्टा बहुतेक वेळा खाजत नाही आणि दुखतही नाही, कारण हा रोग कातडीबरोबर नसांनाही धरतो. नस बिघडली की स्पर्श, चटका, टोचणी यांची जाणीव जाते. दुखणं नसणं हेच इथं आजाराचं लक्षण आहे.

हा रोग जंतूंमुळे होतो. नॉर्वे देशातल्या डॉ. हॅन्सन यांनी 1873 साली हे जंतू शोधले. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालं की हा देवाचा कोप नाही, करणी नाही आणि मागच्या जन्माचं पापही नाही. माणसाचं आजचं दुःख मागच्या जन्माच्या खात्यावर टाकणं बाबासाहेबांनी साफ नाकारलं, हे आपल्या घरांना वेगळं सांगायला नको. तरीही 'रक्तपिती', 'महारोग' हे शब्द ऐकले की आपल्याही वस्तीत आवाज खाली जातो. मुलीचं लग्न, सुनेचं नांदणं, मजुरीचं काम या काळजीपोटी डाग झाकला जातो.

उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या श्वासातून, खोकल्या-शिंकेतून हे जंतू बाहेर पडतात. दीर्घकाळ जवळच्या सहवासात राहणाऱ्याला लागण होऊ शकते. हात हातात घेतल्यानं, एका ताटात जेवल्यानं, शेजारी बसल्यानं हा रोग होत नाही. बहुतेक माणसांच्या अंगात याच्याशी लढण्याची ताकद असतेच. जंतू शिरल्यापासून लक्षण दिसायला साधारण पाच वर्षं लागतात, कधी कधी वीस वर्षंही लागतात. म्हणून 'मागच्या वर्षी तपासलं होतं' म्हणून यंदाची तपासणी टाळू नये.

तपासणीच्या आधी

तपासणी घरी झाली तर आशाताई बायांना आणि लहान मुलांना तपासते, पुरुषांना पुरुष स्वयंसेवक तपासतो. दवाखान्यात पुरुष डॉक्टर असतील तर सोबत नर्सबाई किंवा आपलं माणूस असावं, असं तुम्ही सांगू शकता. त्यासाठी भांडायची गरज नाही. "ताईंना आत बोलवा" एवढं म्हटलं तरी पुरे.

चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, तपासणी दिवसाच्या उजेडात करून घ्या. फिकट चट्टा दिव्याच्या पिवळ्या उजेडात किंवा मोबाईलच्या बॅटरीत नीट दिसत नाही.

दोन, त्या दिवशी अंगाला पावडर, हळद, तेल किंवा मलम लावू नका. डाग झाकला जातो.

तीन, मेडिकलमधून आणलेली एखादी ट्यूब लावत असाल तर ती सोबत न्या किंवा दाखवा. कोणती ट्यूब, किती दिवस लावली, हे न लाजता सांगा.

चार, घरातलं कोणी कामावर असेल तर 'तो घरी नाही' एवढ्यावर थांबू नका. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी या, असं पथकाला सांगा. वीटभट्टीवर, ऊसतोडीला, पुण्या-मुंबईला गेलेली माणसं नेमकी याच कारणानं सुटतात. ती गावी परतली की त्यांना उपकेंद्रात घेऊन जा.

प्रत्यक्ष तपासणी कशी होते

सगळे कपडे एकदम काढावे लागत नाहीत. अंगाचा एक भाग उघडायचा, पाहून झाला की झाकायचा, मग पुढचा. आतले कपडे अंगावर राहतात. पण तिथं काही डाग असेल तर तो स्वतःहून सांगायचा, कारण बसण्याच्या जागी, कमरेच्या खाली चट्टे असतात आणि तेच सर्वात जास्त लपून राहतात.

सुरुवात चेहऱ्यापासून होते. कपाळ, गाल, भुवया आणि कानांच्या पाळ्या पाहतात. भुवयांचे केस विरळ झालेत काय, कानाची पाळी जाड किंवा गाठाळ झाली काय, चेहरा तेलकट, चकचकीत, सुजल्यासारखा दिसतो काय, हे पाहिलं जातं. असं असेल तर अंगावर वेगळा चट्टा नसतानाही रोग असू शकतो.

मग मान, छाती, पोट, दोन्ही हात पुढून-मागून. मग पाठ, कमर, मांड्या, पोटऱ्या, पाय आणि तळवे. फिकट, लालसर किंवा तांबूस डाग शोधतात. तिथली कातडी कोरडी आहे काय, घाम येतो काय, लव गेली काय, हे बघतात.

डाग सापडला की जाणीव तपासतात. आधी उघड्या डोळ्यांनी कसं करायचं ते दाखवतात. मग तुम्ही डोळे मिटायचे. तपासणारी बॉलपेनच्या टोकानं किंवा कापसाच्या वातीनं हलकेच स्पर्श करते आणि जिथं स्पर्श झाला तिथं तुम्ही बोट ठेवायचं. चांगल्या कातडीवर बोट बरोबर पडतं आणि चट्ट्यावर पडलं नाही, तर तिथली जाणीव गेलेली आहे. यात सुई टोचत नाहीत, रक्त निघत नाही, दुखत नाही. ही परीक्षा नाही, म्हणून अंदाजानं बोट ठेवू नका. कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. त्या एका 'कळलं नाही'मुळे हात वाचतो.

त्यानंतर नसा चाचपतात. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं धक्का लागला की झिणझिणी येते, ती नस. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस. घोट्याच्या आतली नस आणि मानेच्या बाजूची नस. नस दोरीसारखी जाड लागते काय, दाबल्यावर दुखते काय, हे पाहतात.

शेवटी ताकद बघतात. डोळे घट्ट मिटायला सांगतात. करंगळी बाजूला ताणायला, अंगठा वर करायला, मनगट उचलायला आणि पाऊल वर उचलायला सांगतात. शर्टाची बटणं लावताना त्रास होतो काय, पायातून चप्पल नकळत निघून जाते काय, हातापायाला मुंग्या येतात काय, असंही विचारतात. याची खरी उत्तरं द्या. चप्पल निसटणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, ती नस बिघडल्याची खूण असू शकते.

घाई केली नाही तर एका माणसाला दहापंधरा मिनिटं पुरतात.

तुमचे हक्क

मोबाईलमध्ये तुमच्या अंगाचा फोटो काढायला तुम्ही नाही म्हणू शकता. फोटो खरंच लागणार असेल तर तो कशासाठी आणि कोणाला दाखवणार हे विचारा. तुमचं नाव आणि आजार शेजारी, सरपंच किंवा मालकाला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. तपासणारी व्यक्ती हात लावायला टाळत असेल, काठीनं किंवा दुरून दाखवायला सांगत असेल, तर ती तपासणी अपुरी आहे, तिथंच तसं सांगा. हात न लावता नस कळत नाही.

हे लिहिताना आम्हाला एक दवाखाना आठवतो. तिथं आमच्याच पेशातल्या एकीनं चट्टा असलेल्या बाईच्या हातावर वरून गोळ्या टाकल्या होत्या, हाताला हात लागू नये म्हणून. ती बाई आपल्याच वस्तीची होती. बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "आमच्या आजीले पाणी असंच वरून वाढत होते." वरून टाकलेल्या पाण्याचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. म्हणूनच असं वागणं आपल्या हातून आपल्याच माणसाशी कधी होऊ नये.

विहारात वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. त्यात सुप्रबुद्ध नावाच्या कुष्ठरोग्याची कथा आहे. राजगृहात लोकांची गर्दी पाहून तिथं अन्न वाटत असतील या आशेनं तो आला होता. भगवंतांनी त्याला हाकलून दिलं नाही, त्यालाही धम्म सांगितला. बाबासाहेबांनी ही कथा उपाली न्हावी, सुनीत झाडूवाला यांच्या धम्मदीक्षेच्या कथांबरोबर एकाच भागात ठेवली आहे. पुढच्या वेळी ते पान वाचाल तेव्हा आपल्या वस्तीत कोण दूर बसलेलं आहे, तेही बघा.

डाग सापडला तर पुढे काय

प्रत्येक डाग कुष्ठरोगाचा नसतो. आशाताई निदान करत नाही, ती संशयित म्हणून चिठ्ठी देते. निदान प्राथमिक आरोग्य केंद्राचे किंवा ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधिकारी करतात. चिठ्ठी मिळाली की आठवडाभरात जा. पुष्कळदा निघतो तो नायटा, शिबं, मुलांच्या गालावरचा साधा फिकट डाग किंवा कोड. पूर्ण पांढरं कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे, आणि तो संसर्गाचा आजारही नाही.

नायट्यासाठी मेडिकलमधून मनानं ट्यूब आणून लावू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉईड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, पण नायटा आतून पसरत राहतो आणि चट्ट्याचं रूप बदलल्यानं डॉक्टरही चकतात.

याच तपासणीत आणखी दोन गोष्टी दाखवून घ्या. महिनाभर न भरणारी जखम, विशेषतः जुन्या भाजल्याच्या व्रणावरची, आणि तळवा, तळहात किंवा नखाखाली आलेला, वाढत जाणारा, रक्त येणारा काळा डाग. कातडीचा कर्करोग आपल्याकडे कमी आढळतो, पण होतो तेव्हा तो अशा दुर्लक्षित जागीही होतो.

कुष्ठरोगाचं निदान झालं तर घाबरू नका. औषध सरकारी दवाखान्यात पूर्ण मोफत मिळतं. पाचपर्यंत चट्टे असतील तर साधारणपणे सहा महिने, त्याहून जास्त असतील तर बारा महिने. रिफाम्पिसीन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन ही औषधं पाकिटात एकत्र मिळतात. महिन्याचा पहिला डोस आरोग्य कर्मचाऱ्यासमोर, बाकीच्या गोळ्या रोज घरी घ्यायच्या. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्या माणसापासून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका संपतो. घर सोडायचं नाही, वेगळं ताट नको, वेगळं अंथरूणही नको.

रिफाम्पिसीन घेतल्यावर लघवी लालसर होते, तिला घाबरू नका. क्लोफाझिमिननं कातडी काळवंडते, औषध संपल्यावर काही महिन्यांनी रंग परत येतो. या रंगाला घाबरून पुष्कळ बाया मधेच औषध सोडतात. सोडू नका. पण अंगावर पुरळ उठलं, डोळे पिवळे झाले, खूप थकवा आला तर लगेच डॉक्टरांना भेटा. गरोदर असाल तर तेही आधीच सांगा.

एक धोक्याची खूण मात्र घरातल्या प्रत्येकानं पाठ करा. औषध चालू असताना किंवा संपल्यावरही चट्टे अचानक लाल होऊन सुजले, नस दुखू लागली, ताप येऊन गाठी उठल्या, हात-पाय लुळा पडू लागला किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर त्याला रिअॅक्शन म्हणतात. गोळ्या बंद करायच्या नाहीत आणि वाटही पाहायची नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. वेळेत उपचार मिळाले तर नस वाचू शकते.

घरातल्या आणि जवळच्या बाकीच्या माणसांचीही तपासणी होते आणि त्यांना रिफाम्पिसीनचा एकच डोस देतात, रोग होण्याचा धोका कमी व्हावा म्हणून. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले आणि क्षयरोगाचा संशय असलेले यांना तो देत नाहीत. म्हणून खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल तर आधी सांगा.

ज्यांच्या हातापायाची जाणीव गेली आहे त्यांनी रोज रात्री तळवे पाहावेत, पंधरावीस मिनिटं साध्या पाण्यात भिजवावेत, ओल्या कातडीला तेल लावावं आणि अनवाणी चालू नये. गरम भांडं फडक्याशिवाय धरू नये. जाणीव गेलेल्या पायांसाठीची मऊ एमसीआर चप्पल दवाखान्यातून मोफत मिळते, ती मागून घ्या.

कायदा आपल्या बाजूनं आहे

कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवण्याची मुभा देणारा 1898 चा इंग्रजी राजवटीतला कायदा 2016 साली रद्द झाला. 2019 च्या दुरुस्तीनं कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण विवाह कायद्यांतून काढून टाकण्यात आलं. त्यात आपल्या लग्नांना लागू असलेला 1955 चा हिंदू विवाह कायदाही येतो. म्हणजे चट्टा निघाला म्हणून सुनेला माहेरी धाडणाऱ्याच्या पाठीशी कायदा नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठमुक्त व्यक्तीचा समावेश आहे. हातापायात व्यंग राहिलं असेल तर जिल्हा सामान्य रुग्णालयातून प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

आपण काय करायचं

मोहिमेची वाट पाहायची गरज नाही. महिन्यातून एकदा, आंघोळीच्या वेळी, घरच्या घरी पाहणी करा. आईनं मुलांची पाठ पाहावी, नवरा-बायकोनं एकमेकांची पाहावी, सासू एकटी असेल तर सुनेनं तिची पाहावी. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, ती दुसऱ्यानंच पाहावी लागते.

महिला मंडळानं एखाद्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहाराच्या बाजूच्या खोलीत पडदा लावून आशाताईला किंवा उपकेंद्राच्या सिस्टरला बोलवावं. घरात आडोसा नसतो, दहा बाय दहाच्या खोलीत सासरे-दीर असतात, म्हणून बाया पाठ उघडत नाहीत. एक पडदा आणि दाराशी उभी असलेली एक खंबीर बाई एवढ्यानं हे काम होतं. सोंगणीच्या दिवसांत ही तपासणी संध्याकाळी ऊन असेपर्यंत किंवा सुट्टीच्या दिवशी ठेवावी.

आणि पथक दारात येऊन नुसतं विचारून जायला लागलं, तर त्यांना थांबवा. पाणी द्या, खुर्ची द्या आणि सांगा, "ताई, विचारू नका, पाहा. सगळ्यांचं पाहा." त्या दिवशी भाकरीचं गाठोडं घेऊन निघालेल्या ताईला आम्ही दहा मिनिटं थांबवलं असतं, तर आज तिच्या हातात विळा असता.